हेड आवळू नको म्हणतायत

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. पण सम्राट माझा सख्खा मावसभाऊ, आणि उगाच तिखटमीठ लावून सांगणाऱ्यातला तो नाही. गेल्या वर्षीची खंडेनवमी. उचगावातलं त्याचं गॅरेज. भर दुपार.

त्याचे वडील, ज्ञानूआण्णा, जन्मभर जीपगाड्या दुरुस्त करत आले. आता अंथरुणाला खिळलेले. त्यांची एकच इच्छा होती… आपल्या जुन्या जीपमधून एकदा राधानगरीपर्यंत जाऊन यायचं.

म्हणून दसऱ्याला गाडी सुरू करायचीच, असं सम्राटनं ठरवलं होतं. फक्त इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं जड झाकण, बसवायचं राहिलं होतं.

आता, खंडेनवमीला पुजलेली हत्यारं कोणी उचलत नाही. लहान पोरालाही हे ठाऊक. पण या बाबाला घाई! बायकोला, मोनाला, "झेंडू आणतो" म्हणून थाप मारली आणि गॅरेज गाठलं. शटर अर्ध्यावर ओढलं. पूजेतला पाना उचलला.

आण्णांचाच पाना. त्यावरचं हळदकुंकू त्यानं पुसून टाकलं.

हेडखालच्या पॅकिंगला गळती थांबवायला काय लावावं, इथं तो जरा अडला. हाताशी सिलिकॉनची नवी ट्यूब होती. पण आण्णांचं म्हणणं ठरलेलं, "जुन्या इंजिनाला शेलॅकच. ट्यूबचं आत गळून पडतंय आन तेलाची वाट बुजवतंय."

त्यानं शेलॅकची, म्हणजे लाखेच्या डिंकाची, बाटली उघडली. तपकिरी, चिकट, स्पिरिटच्या वासाचं. ब्रशनं पातळ हात दिला, हेड ठेवलं आणि मधल्या नटापासून आवळायला लागला.

पहिला नट… दुसरा…

इंजिनातून श्वास सोडल्यासारखा आवाज आला.

अडकलेली हवा असेल, म्हणाला. तिसरा आवळला.

टक…

आतून.

टक… टक…

कोणीतरी बोटानं वाजवावं तसं. सम्राटनं हेडला कान लावला. तेवढ्यात मोबाइल वाजला.

"अवो, लवकर या! आण्णांना श्वास घ्यायला येईना!" मोना रडत होती. "छातीवर कायतरी दाबतंय म्हणतायत. आन सारखं एकच… सम्राटला सांग, हेड आवळू नको. तुमी हाईसा कुठं? झेंडू आणाय गेलता न्हवं?"

त्यानं पाना उलटा फिरवून तिन्ही नट सैल केले.

"आला… आला श्वास!"

जीव भांड्यात पडला. पण माणसाचं मन बघा. योगायोग असेल, असं म्हणत त्यानं मधला नट जरासा… अगदी जरासा… आवळला.

फोनमध्ये मोना किंचाळली.

नट पुन्हा सैल करून, शटर तसंच टाकून तो घरी पळाला. आण्णा शांत पडले होते. मोना ओल्या फडक्यानं त्यांचा अंगठा पुसत होती. तपकिरी, चिकट काहीतरी लागलं होतं. जात नव्हतं.

खोलीभर स्पिरिटचा वास होता.

आण्णांनी डोळे उघडले. "झाली का रं गाडी?"

तेव्हापासून ते रोज हेच विचारतात. सम्राट रोज "उद्या" म्हणतो. हेड तसंच सैल ठेवलंय. गॅरेजची किल्ली तो बायकोलाही देत नाही.

आज सकाळी त्याचा फोन आला.

"मधला नट घट्ट झालाय रं. म्या न्हाय आवळला. सोडाय बघतोय… सुटंना झालाय."

आण्णांना पहाटेपासून धाप लागली आहे.

मला फार भीती वाटते आहे. सम्राट अजून गॅरेजातच आहे, आणि आता फोन उचलत नाही.