उलटा अंगठा

भूमिका, वात जरा मोठी कर गो. लाईट काय आज येत नाय. तुझा नवरा, पोपट, धाटावच्या कारखान्यातली शिफ्ट संपवून येईल तोवर बस माझ्याजवळ. आणि मला आधी सांग, रविवारी तो गरी घेऊन उघाडीवर जाणार हाय, हे खरं का? खरंच असणार. पेणच्या बाजारात गरीचा नायलॉनचा दोरा, तंगूस, घेताना मी बघितलं त्याला. नको म्हणणार नाय मी. इथल्या बाप्यांनी बायकांचं कधी ऐकलंय? पण तिथं बसायची एक रीत हाय, ती मात्र शिकवून पाठव.

उघाडी तू बघितलीस ना? खारबांधातला तो दगडी दरवाजा, ओहोटीला शेतातलं पाणी खाडीत सोडायचा. तिथं पाणी खोल, मासळी जमते. आमचे हे मिठागरावरून सुटले की तिथंच. सरळ घरी येतील तर शपथ! त्यांच्या शेजारी ठरलेली जागा रूबेनकाकांची.

रूबेनकाका म्हणजे आपल्या गावातलं शेवटचं इस्राएली घर. तुझ्या लग्नाआधी गाव सोडून गेले ते. त्यांचे आजे-पणजे तेलाचा घाणा चालवायचे, शनिवारी बैल जुंपायचे नाहीत, म्हणून लोक शनवार तेली म्हणायचे. माणूस असा गोड, की भांडायला गेलेली बाई चहा पिऊन परत यायची. मीच आले होते एकदा.

त्यांच्यात नेम हाय, ज्या माशाला खवले नाहीत तो खायचा नाय. आता खाडीला हे कोण सांगणार? गरीला निम्मं बिनखवल्याचंच लागतं. शिंगाळा, वाम, पाकट. आपले लोक नको असलेल्या मासळीचं काय करतात ते तुला माहीत हाय. बारका शिंगाळा काटा मारतो म्हणून दगडावर आपटायचा. केंड मासा लागला तर फुगवून टाचेखाली फोडायचा. आमचे हे त्यात पहिले! एकदा बोटाला काटा बसला, तर त्या एवढ्याशा जिवाला इतकं आपटलं की मला बघवेना. "अवो, तो आला होता का तुमच्याकडं स्वतःहून?" मी म्हटलं. तर माझ्यावरच डाफरले.

रूबेनकाकांची तऱ्हा वेगळी. आधी हात पाण्यात भिजवायचे. कोरड्या हातानं धरलं तर माशाची कातडी सोलते म्हणायचे. डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळं सगळा भरवसा अंगठ्यावर. ओल्या तळव्यावर मासा घ्यायचे नि अंगठा शेपटीकडून डोक्याकडं फिरवायचे, उलटा. अडकला तर खवले हायत, मासा टोपलीत. सरसर गेला तर गरी हळूच सोडवायची नि मासा पाण्यात धरून बसायचं. टाकायचे नाहीत, बरं का. त्याचे कल्ले नीट हलायला लागेपर्यंत धरून बसायचे. "जा बाबा," म्हणायचे, "तुला नव्हतं बोलावलं." मला हसू यायचं, म्हातारा माशाला पाहुण्यासारखा निरोप देतो म्हणून. पण बघत उभी राहायचे मी. फार बरं वाटायचं ते बघून.

त्या दिवशी अमावास्येचं उधाण होतं. रूबेनकाका तापानं फणफणलेले, घरी होते. हे एकटेच गेले. दिवस मावळायला आला तरी पत्ता नाय, म्हणून मी बोलवायला निघाले. रागातच, वाटेवर काय काय बोलायचं ते जुळवत. बांधावर पोचले तर वारं पडलेलं. तिवरांत एरवी बगळ्यांचा कालवा असतो, तोही नव्हता. नुसता गाळाचा वास, आणि पाणी बांधाच्या वरपर्यंत चढलेलं.

हे उघाडीच्या दगडाजवळ उभे होते. मला बघून हात केला. तेवढ्यात पायाखालचा गाळ सुटला... गेले. आवाजसुद्धा मोठा झाला नाय.

उधाणाला तिथं भोवरा असतो गो, चांगला पोहणारा खाली ओढला जातो. मी ओरडले, घसा फुटेस्तोवर ओरडले. मिठागर रिकामं. कासू स्टेशनाकडून गाडीचा भोंगा तेवढा आला. मला पोहता येत नाय. बांधावर पालथी पडले, पाण्यात हात घातला, पदर सोडला. काय लागलं नाय हाताला. तेव्हा मी खाडीला हात जोडले नाहीत. शिव्या घातल्या. "माझा माणूस दे मेले," म्हटलं, "तुला काय करायचाय तो?"

आणि पाणी थांबलं.

चढती भरती थांबते का कधी? पण थांबली. मग हे वर आले. पोहत नव्हते... उताणे, हातपाय सुटलेले. खालून कोणी तळव्यावर धरावं तसे. कडेजवळ आले नि तिथंच राहिले. माझा हात पुरेना. तेव्हा मला दिसलं... त्यांचा सदरा आपोआप वर सरकत होता. कमरेकडून छातीकडं. उघड्या पोटावर कातडी दबत होती, बोटभर रुंद रेघ, हळूहळू वर चाललेली. गळ्याशी जाऊन ती थांबली. मग पुन्हा खालून वर... खात्री करून घ्यावी तशी.

कुठंच अडकली नाय ती.

मग ह्यांना बांधाच्या उतारावर आणून ठेवलं. फेकलं नाय, ठेवलं. पाणी त्यांच्या छातीभोवती तसंच धरून राहिलं. ह्यांना खोकला आला, श्वास लागला, तेव्हा कुठं सुटलं, नि भरती पुन्हा चढायला लागली.

दुसऱ्या दिवशी मी रूबेनकाकांना सगळं सांगितलं. वाटलं, हसण्यावारी नेतील.

"सरू... उलटं फिरवलं? पायाकडून?"

"व्हय काका."

मग म्हणाले, "एवढी वर्षं मासे सोडत होतो. वाटायचं, बघतोय तो एकटा देवच." आणि मग अगदी हळू, "तुझ्या जनूच्या अंगाला रोज तेल लाव गो. मिठानं त्याची कातडी फुटते, ती खरखरीत होऊ देऊ नको."

पुढं काय सांगायची गरज नव्हती. गुळगुळीत होते म्हणून परत मिळाले, हे मलाही कळलं होतं. लेकीकडं, नाओमीकडं, इस्राएलला निघाले तेव्हा माझ्या डोक्यावर हात ठेवून रडले रूबेनकाका. मीही रडले. बापासारखा माणूस तो.

ह्यांचं उघाडीवर जाणं बंद करून बघितलं मी. दोन घास खाईनात. शेवटी म्हटलं जा. पण आता हेही हात भिजवून धरतात, नको तो मासा सांभाळून सोडतात. आणि मी रोज तेल लावते. गाव हसतं, सरूनं नवरा लोणच्यासारखा तेलात मुरत ठेवलाय म्हणतं. हसेना का! माझा जीव हाय त्यांच्यावर, त्यात लाजायचं काय?

म्हणून सांगते, पोपटला शिकव. ओला हात, आणि आपटायचं नाय.

आता दुसरी गोष्ट, ती कोणाला बोलू नको. काल ह्यांना पालथं पाडून पाठीला तेल लावत होते. हात कमरेवरून मानेकडं नेला, नि मधोमध अंगठा अडकला. नखाएवढं काहीतरी. चकाकत होतं.

"थांबलीस का गो?" हे म्हणाले.

"काय नाय. मीठ वाळलंय."

"असेल. तिथं पाणी लागलं की फार बरं वाटतं बघ."

आज उघाडीवर सोडलंच नाय मी त्यांना. भांडले, दारात आडवी बसले. आत निजलेत ते... थांब, बोलू नको. तुझ्या पायाशी हे ओलं कसलं? हंडा तर मोरीत हाय... बाहेरच्या दाराखालून येतंय गो. आमच्या घराला उतार अंगणाकडं, आणि हे चढावर चाललंय... सरळ आतल्या खोलीकडं.

तेलाची वाटी दे इकडं. लवकर दे, भूमिका.