तीन नंबरच्या खोलीतली खुर्ची

सकाळी साडेनऊला फोन वाजला तेव्हा सावळीराम अहिरे सातपूरच्या ऑफिसात गुडघ्याला मलम चोळत बसले होते. पलीकडे दिंडोरीच्या शीतगृहाचे मॅनेजर दीपक बोरस्ते होते. तीन नंबरची खोली काल दुपारी पुन्हा तापली होती. शून्य अंशावर ठेवलेली द्राक्षं आठवर सापडली. जानेवारीपासूनची ही तिसरी खेप. परदेशी जाणारा माल देठाशी काळवंडून वाया गेला होता, आणि बोरस्तेंना गुन्हेगार सापडलाही होता. ड्युटीवरचा कामगार मंगळू.

"पाच वाजता त्याला पोलिसांच्या ताब्यात देतो," बोरस्ते म्हणाले. "तापमान सांभाळणारा तुमचा प्रोग्राम ठीक आहे, एवढं फक्त येऊन सांगा."

अहिरेंनी सुस्कारा सोडला. वय सत्तावन्न. दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधून शोधून जीव मेटाकुटीला आलेला. पण हा प्रोग्राम त्यांच्याच हातचा. गेल्या पावसाळ्यात, खोल्या रिकाम्या असताना, त्यांनीच तिथे मुक्काम ठोकून तो बसवला होता. २००६चा हा त्याचा पहिलाच हंगाम. त्यांनी ऑफिसातल्या तृप्तीला गाडी काढायला सांगितली. अहिरेंचे गुडघे बिघडल्यापासून, म्हणजे जानेवारीपासून, दिंडोरीची महिन्याची तपासणी तीच करायची.

शीतगृहाच्या फाटकाशी मंगळूची बायको भागीबाई गाठोड्यावर बसली होती. भांडीकुंडी, घोंगड्या, सगळं बांधून. नवरा-बायको पेठकडचे. शीतगृहामागची खोली हेच त्यांचं घर. नोकरीबरोबर ती खोलीही जाणार होती. वर पोलिसांचा ठपका बसला, की तालुक्यात दुसरं कोण त्याला दारात उभं करणार होतं?

अहिरेंनी आधी नोंदी पाहिल्या. कीबोर्डवरून तापमान बदललं की कोणी बदललं, किती वाजता, याची ओळ आपोआप पडायची. आठ अंशांची ओळच नव्हती. मंगळूनेच पुसली असणार, असं बोरस्तेंचं म्हणणं. ज्याला लाल आणि हिरवं बटण सोडून काही दाखवलं नव्हतं, तो माणूस म्हणे नोंदी पुसणार! अहिरेंनी वाद घातला नाही. मंगळूला बोलावून घेतलं.

"तुला कळलं कसं?"

"दार उघडलं तं गार वारा नाय आला, सायेब. म्याच जाऊन सांगितलं. तिन्ही बारीला म्याच."

"त्या दिवशी खोलीत कोण गेलं होतं?"

"कोणी नाय."

"आणि कॉम्प्युटरपाशी?"

मंगळू चाचरला. मग खाली बघून म्हणाला, "तृप्तीताई. त्या महिन्याला येत्यात ना, त्याच दिशी."

तृप्तीचा चेहरा खाडकन उतरला. अहिरे तीन नंबरच्या खोलीत गेले. माल हलवलेला होता. कोपऱ्यात एकटीच लोखंडी खुर्ची, बसायला पोत्याची घडी घातलेली. ही कुणाची, म्हणून त्यांनी विचारलं.

"तुमचीच की," मंगळू म्हणाला. "पावसाळ्यात थर्मामीटर घिऊन हितं बसायचे ना तुमी? पाय आखडायचे तुमचे. पुन्ना याल म्हनून ठिवली."

अहिरे पार विसरले होते.

बाहेर येऊन त्यांनी तृप्तीला विचारलं, तू नेमकं काय करतेस? ती म्हणाली, डीबगर उघडते, अहवाल काढते, बंद करते.

डीबगर म्हणजे चालत्या प्रोग्रामची नाडी धरणारा दुसरा प्रोग्राम. त्याने पहिल्याला थांबवता येतं, त्याच्या पोटात डोकावता येतं, हवा तो आकडा हातानेही बदलता येतो. शिवाय त्याला नवे हुकूम शिकवता येतात, आणि अहिरेंचा त्यात हातखंडा. त्यांच्या हुकमांची फाईल डीबगर उघडताच आपोआप वाचली जायची. अहवालाचा हुकूमही त्यातलाच.

"मी एकही आकडा टाइप केला नाही, सर," तृप्ती म्हणाली. "तुम्ही शिकवलंत तेवढंच केलं."

तिला त्यांनी बाहेर गाडीत बसायला सांगितलं. बोरस्ते आणि मंगळूला भिंतीशी उभं केलं. भिंतीवरच्या विजेच्या तक्त्यावर प्रत्येक खोलीला ठरवून दिलेलं तापमान दर पाच मिनिटांनी उमटायचं; तीन नंबरपुढे शून्य होतं. मग डीबगर उघडून अहिरेंनी नवा हुकूम लिहिला आणि त्याला 'पहारा' नाव दिलं. तीन नंबरचा आकडा बदलला रे बदलला की प्रोग्राम थांबवायचा, कोणी बदलला ते लिहून ठेवायचं, आणि प्रोग्राम पुन्हा चालू करायचा. चोर येऊ दे, त्यांनी ठरवलं. चहा मागवला.

चहा यायच्या आधीच बोरस्ते ओरडले. तक्त्यावर आठ झाले होते.

पहाऱ्याच्या फाईलीत एक अक्षर नव्हतं.

अहिरे कितीतरी वेळ त्या कोऱ्या फाईलीकडे बघत राहिले. मंगळू भिंतीशी. तृप्ती गाडीत. कॉम्प्युटरला हात लावलेला माणूस खोलीत एकच होता.

त्यांनी तापमान पुन्हा शून्यावर आणलं. डीबगर बंद केला, आणि या वेळी आपली फाईल न वाचता उघडला. पाच मिनिटं, दहा मिनिटं, शून्य हललं नाही. मग त्यांनी ती फाईल तळापर्यंत वाचून काढली. शेवटच्या हुकमाचं नाव होतं 'गुडघा'.

तृप्तीला आत बोलावून त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं.

"पावसाळ्यात तीन नंबरमध्ये बसून मी सेन्सर तपासत होतो. शून्यात गुडघे धरायचे. म्हणून डीबगर उघडला की ती खोली आपोआप आठवर जाईल, असा हुकूम लिहून ठेवला. काम संपल्यावर काढायचा राहिला. कीबोर्डवरून बदल केला की नोंद होते. डीबगर थेट आतला आकडाच बदलतो, त्याची नोंद कुठून होणार? माझा पहाराही प्रोग्रामवर होता, डीबगरवर नव्हता. तृप्तीने दर महिन्याला तो उघडला आणि माझा हुकूम चालला. सरांची फाईल म्हणून तिने ती कधी वाचली नाही. माझीच म्हणून मीही नाही. मालाचं नुकसान मी केलंय, बोरस्ते."

बोरस्ते लाल झाले. हे तुमच्या कंपनीला भोवणार, म्हणाले. अहिरे म्हणाले, भोवू दे. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. सकाळपासून आपण दुसऱ्यांची उलटतपासणी घेत फिरलो, याची लाज वाटत होती. ते मंगळूपुढे जाऊन उभे राहिले आणि त्याची माफी मागितली.

मंगळूने सगळं नीट ऐकून घेतलं होतं.

"म्हंजी म्या काय चुकलो नाय?"

"नाही. तिन्ही वेळा तू बरोबर होतास."

"मंग तेवढं कागदावर लिवून द्या, सायेब. तोंडी कोन मानतंय."

तृप्तीने तीन नंबरमधून ती लोखंडी खुर्ची आणून पुढे ठेवली. अहिरे बसले नाहीत. टेबलावर वाकून, उभ्यानेच, त्यांनी पानभर लिहिलं, खाली सही केली, आणि बोरस्तेंपुढे सरकवलं. ते वाचून बोरस्तेंनीही सही केली.

मंगळू तो कागद घेऊन फाटकाकडे गेला. वाचता दोघांनाही येत नव्हतं. भागीबाईने कागद दोन्ही हातांत धरून खालच्या दोन सह्या नीट बघितल्या, घडी करून कमरेला खोचला, आणि मग ती गाठोड्याची गाठ सोडायला बसली.