डाव्या खांद्यावरचा हात

मंडईची ऑर्डर होती, दुसरं काही नाही. चिचगडच्या पुढे जंगलाला लागून एक गाव आहे. नाव सांगत नाही, तिथली माणसं अजूनही लग्नाच्या ऑर्डरी मलाच देतात. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी त्यांची मंडईची जत्रा भरते. बांगड्यांची दुकानं, उसाचे भारे, पाळणे, आणि रात्री स्टेजवर दंडार, नाचगाण्याचं नाटक. गावाला त्या वर्षी ड्रोनने वरून घेतलेला व्हिडिओ हवा होता. मी इथून, देवरीच्या आपल्या स्टुडिओतून, संघदीप आणि राजदीपला मोटरसायकलवर पाठवलं.

हिमांशु, तो गॉगल आधी काढ. तू डोळे झाकून बसलास तर मी कोणाला सांगून राहिलो, मलाच कळत नाही. नीतू, दार ओढून घे बाई. डास येऊन राहिले.

उद्याच्या वरातीत मी एकटाच उडवतो, मागे माणूस कायले पाहिजे, असं म्हणालास ना तू? मग ऐक.

हे दोघं चुलतभाऊ. संघदीप ड्रोन उडवायचा आणि त्याच्याहून थोडा मोठा राजदीप मागे उभा राहायचा. गॉगल घातला की उडवणारा आंधळाच. ड्रोनला दिसतं ते सगळं त्याला दिसतं, आणि स्वतःच्या पायाशी साप आला तर दिसत नाही. म्हणून मागचा माणूस. बाकीची पोरं तोंडाने सांगतात, इकडे तार आहे, तिकडून बैल येतो आहे. या दोघांनी बोलणं बंद केलं होतं. संघदीप म्हणायचा, आवाजानं ध्यान तुटतं. त्यांनी हाताची खूण ठरवली होती. राजदीप खुर्चीमागे उभा राहून संघदीपच्या डाव्या खांद्यावर हात ठेवायचा. हात दाबला, तर ड्रोन खाली आण. दोनदा थापटलं, तर सगळं ठीक आहे, उडव. आणि ड्रोन जमिनीला टेकेपर्यंत तो हात उचलायचा नाही.

किती लग्नं केली त्यांनी अशी. हात कधी उचलला गेला नाही.

त्या दिवशी त्यांचं जेवण कलाबाईकडे होतं. तिची मुलगी खुशबू, पहिलीतली, पिवळा फ्रॉक घालून दिवसभर या दोघांच्या मागे मागे. मला दाखव, मला दाखव. राजदीपने तिच्या डोळ्यांवर गॉगल धरला तर ती घाबरून खाली बसली, मग हसली, मग पुन्हा मागू लागली. तो म्हणाला, उद्या सकाळी तुझं घर वरून दाखवतो. संघदीप त्याला चिडवत होता, दादा, तुझी चेली मिळाली तुला.

दिवस बुडाला तेव्हा कलाबाई धावत आली. खुशबू कुठेच नव्हती. दुकानं पाहिली, पाळणे पाहिले, नातेवाइकांची घरं पाहिली. कोणीतरी म्हणालं, पिवळा फ्रॉक तलावाच्या बांधाकडे, पाळीकडे जाताना दिसला.

तलाव जुना आहे, मोठा आहे. एका बाजूला कमळाचे वेल इतके दाट, की वरून जमीनच वाटावी. माणसं काठाकाठाने हाका मारत फिरत होती. एवढ्या मोठ्या तलावाला बोट नाही. दोर नाही. ट्रॅक्टरची हवा भरलेली ट्यूबसुद्धा गावात कोणाकडे निघाली नाही. दर पावसाळ्यात भरणारा तलाव, आणि काठावर हे.

संघदीपकडे एकच बॅटरी भरलेली उरली होती. त्याने ड्रोनच्या पोटाला छोटा टॉर्च बांधला आणि पाळीवर प्लास्टिकची खुर्ची टाकली. मंडईत भोंगा वाजतच होता, दंडारीची गाणी लागली होती. गॉगल घालताना त्याने विचारलं, दादा, सापडेल ना? राजदीपने खांद्यावर हात ठेवला.

"तू फक्त पाहा. मी हाव ना मांगं."

एवढंच बोलला तो.

पश्चिमेला तृतीयेची बारीक कोर होती. पाणी काळं दिसत होतं, त्यावर टॉर्चचा गोल उजेड सरकत होता. गवत. कमळाची पानं. एक बगळा उडाला. मग पाणी सोडायच्या दाराजवळ, वेलांच्या मधोमध, पिवळं काहीतरी.

संघदीपने ड्रोन खाली घेतला. फ्रॉक होता. कमरेएवढ्या पाण्यात ती उभी होती, पाठमोरी. हलत नव्हती. पण उभी होती... म्हणजे जिवंत होती.

तो ओरडला, दादा, दिसली, दाराजवळ आहे, लोकांना सांग.

खांद्यावर दोनदा थापटलं गेलं. सगळं ठीक.

त्याला बरं वाटलं. हात थोडा हलका वाटला, पण तेव्हा त्याचं मन तिकडे नव्हतं. गॉगलमध्ये त्याला एक माणूस पाळीवरून पाण्यात उडी घेताना दिसला. गावातला कोणी असेल. छातीएवढ्या पाण्यात तो वेल बाजूला करत चालला होता. मग गळ्याएवढ्या. संघदीपने उजेड त्याच्यापुढे धरला, रस्ता दिसावा म्हणून. ड्रोन हलला तर दोघंही अंधारात जातील, म्हणून तो श्वास रोखून बसला होता.

तेवढ्यात भोंग्यावरचं गाणं थांबलं.

"कलाबाई जिथं असेल तिथून स्टेजजवळ यावं. खुशबू सापडली आहे. पडद्यामागं झोपली होती. खुशबू सापडली आहे..."

संघदीपने ऐकलं. नीट ऐकलं.

आणि गॉगलमध्ये पिवळा फ्रॉक तिथेच होता.

तो माणूस तिच्यापासून हातभर लांब होता. पाणी त्याच्या गळ्याशी, आणि तिच्या कमरेशीच.

"दादा," संघदीप म्हणाला, "मग हे कोन होय?"

दोनदा थापटलं गेलं.

पाण्यातला माणूस अडकला. वेलांनी पाय धरले असावेत. तो वळला, आणि टॉर्चचा उजेड त्याच्या पाठीवर पडला. राखाडी टी-शर्ट. पाठीवर नाव, आपल्या स्टुडिओचं. असे टी-शर्ट मी दोनच शिवून घेतले होते. एक संघदीपच्या अंगावर होता.

त्याला कळलं. आणि कळूनही पटेना. कारण हात खांद्यावर होता.

त्याने ड्रोन वळवला. पाळीकडे. स्वतःकडे.

पाळ दिसली. खुर्ची दिसली. खुर्चीवर तो स्वतः, डोळ्यांवर गॉगल.

मागे कोणी नव्हतं.

हात होता...

दोनदा थापटलं.

मग चित्र गेलं. बॅटरी संपली होती. ड्रोन पाण्यात पडल्याचा आवाज आला. त्याने गॉगल ओढून काढला. पाळ रिकामी. पाणी शांत. भोंग्यावर गाणं पुन्हा सुरू झालं होतं. खुशबू सापडल्याचं ऐकून काठावरची माणसं केव्हाच मंडईकडे परत गेली होती.

तो पाण्यात उतरला. हाका मारल्या. कोणी ऐकेपर्यंत फार वेळ गेला.

राजदीप सकाळी पाण्यात सापडला. दाराजवळ. दोन्ही हात पुढे पसरलेले, उचलून घ्यायला पसरतात तसे.

त्याच्या आईने, अल्काबाईने, संघदीपला एकच विचारलं. "तू पाहून राहिला होता ना रे?" सगळं पाहत होता तो. त्यानेच उजेड धरला होता. हात उचलला गेल्याचं त्याला कळलं असतं तर गॉगल फेकून त्याने दादाला कमरेला धरून ओढलं असतं. पण हात उचललाच गेला नाही.

व्हिडिओ गॉगलमध्ये साठलेला होता. पोलिसांनी पाहिला, मीही पाहिला. पाणी आहे, वेल आहेत, राजदीप आहे. पिवळं काही नाही.

नीतू, तू विचारशील, कोण होतं ते. मी त्या गावात खूप जणांना विचारलं. कोणाला काही माहीत नाही, किंवा सांगत नाहीत. संघदीपच्या घरी भूतबित मानत नाहीत, आणि तो आजही तसं म्हणत नाही. तिरोड्याला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसतो. त्याला भेटायला गेलात तर पाहाल, त्याची खुर्ची भिंतीला चिकटून आहे. मागे माणूस उभा राहील एवढी जागा त्याने ठेवलेली नाही. मी एकदा समजावायला गेलो, की बाबा, मनाचे खेळ असतात. तो म्हणाला, "काका, हात होता." बस.

त्या रात्रीचा त्याचा टी-शर्ट तो इथे सोडून गेला. मागितला नाही पुन्हा. आमच्या धुणंभांडी करणाऱ्या पुष्पाबाईने धुतला. पुन्हा धुतला. हा मे महिना आहे, दुपारी अंगणातला नळ हात भाजतो. शर्ट वाळून कडक होतो. डाव्या खांद्यावर पंजाच्या आकाराचा एक डाग तेवढा ओला राहतो.

मागच्या दोरीवर आहे. जा हिमांशु, पाहून ये. त्या ओल्या डागावर तुझा हात ठेवून बघ.

मी ठेवला होता. माझी बोटं सगळीकडून बाहेर उरतात.