त्सानच्या वाटेवर रोखलेली दुर्बीण

बुखारीच्या लोखंडी शेगडीत शेणी सारून म्हातारे मेमे इशे पोरांना म्हणाले, की ही हकिकत ऐकीव नव्हे. थुपस्तान त्यांच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. गाव हानलेच्या दलदलीपलीकडचे. आणि रात्र गेल्या वर्षीच्या नामचोत सणाच्या दुसऱ्या दिवसाची.

लेहच्या गुरुजींनी ग्रहांची चित्रे घेणारा कॅमेरा थुपस्तानकडे दोन रात्रींपुरता ठेवला होता. गुरू ग्रहाचे पट्टे स्पष्ट दिसतील असे एक चित्र निघाले, तर कॅमेरा गावात राहणार होता. नाही निघाले, तर शेजारच्या गावी जाणार होता. पहिली रात्र वाया गेली. दुर्बिणीचे डोळ्याचे भिंग काढून त्या जागी कॅमेरा बसवला, की पडद्यावर नुसता अंधार. कारण कॅमेऱ्याची नजर अतिशय अरुंद, तीत ग्रह सापडेना. धाकटा चुलतभाऊ देल्दन चहा घेऊन छतावर आला, पडद्याकडे पाहून म्हणाला, "आचो, अंधाराचा फोटो झकास आलाय. गुरुजींना हाच दे."

तो टोमणा थुपस्तानच्या जिव्हारी लागला. उजेड असतानाच दूरच्या एखाद्या स्थिर वस्तूवर दुर्बीण आणि तिच्यावरची छोटी शोधनळी जुळवून घ्यायला हवी होती, हे त्याला उमगले. पण त्या माळावर सारेच मातकट. ठळक असे काय ते खिंडीतले तीन दगड, गेरूने माखलेले. दुसऱ्या संध्याकाळी, उजेड होता तोवर, त्याने दुर्बीण तिकडे रोखली. ते दगड त्सानचे, म्हणजे खिंडीतल्या पिशाच्चाचे आहेत आणि तिन्हीसांजेला तिकडे नजर लावायची नसते, हे गावातले शेंबडे पोरही जाणते. त्सान समोरून देखणा घोडेस्वार. पाठीमागून मात्र सताड उघडा, काळीज-आतडी दिसणारा. तोंड दिसले तर माणूस वाचतो. पाठ दिसली, की संपले.

दगड पडद्यावर रेखीव उमटले. नजर ठीक जमली का, हे पाहण्यासाठी थुपस्तानने चित्रण सुरू केले. तेवढ्यात दगडांमागून घोडा आला. स्वार तरुण होता, सुंदर होता, आणि सरळ त्याच्याकडे पाहत होता. मग त्याने लगाम खेचला. घोडा वळू लागला…

थुपस्तानने डोळे गच्च मिटले. कॅमेऱ्याला पापण्या नव्हत्या.

डोळे उघडले तेव्हा खिंड रिकामी होती. ते चित्रण त्याने न पाहताच पुसून टाकले. खाली पळून जावे असे वाटले. पण सकाळी कॅमेरा जाणार होता. अंधार पडताच त्याने दुर्बीण गुरूकडे वळवली, आणि ग्रह पहिल्या प्रयत्नात पडद्याच्या मध्यभागी आला. पट्टे दिसत होते. दोन मिनिटांचे चित्रण हवे होते. तोवर छत हलता कामा नये.

शिडी वाजली. देल्दनच असणार.

"आचो, चहा आणलाय. आज तरी…" देल्दन अर्ध्यावर थांबला. "दुसरं कोणी वर आहे, हे सांगितलं नाहीस."

थुपस्तान हलला नाही.

"आचो… हा तुझ्या पाठीकडे असा का बघतोय?"

चहाची किटली शिडीवरून गडगडत गेली. तिच्यामागून देल्दनची पावले. मग काही नाही.

मानेवर थंडी आली. वारा नव्हता. काहीतरी अगदी जवळून, सावकाश, मानेपासून कमरेपर्यंत उतरत गेले… वळायचे नाही. हलायचे नाही. पडद्यावर गुरू थरथरत होता. थुपस्तान श्वास रोखून बसला.

चित्रण संपले. मागे कोणी नव्हते.

चित्र इतके सुरेख निघाले, की गुरुजींनी कॅमेरा तिथेच ठेवला. देल्दन मात्र पुन्हा त्या छतावर चढला नाही. थुपस्तानला साधा ओरखडाही नव्हता. फक्त त्याचा लोकरी गोन्चा, पायघोळ अंगरखा, पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत सताड उघडा होता. त्याच्या आईने, आमा-लेंनी, सुईदोरा घेऊन तो दिव्याजवळ धरला आणि कडा बोटांनी चाचपल्या. कापड फाटलेले नव्हते, कापलेलेही नव्हते. दोन्ही कडांना किनार होती, मागावरच विणलेली, जणू गोन्चा मुळातच पाठीमागून उघडा असावा.