चाकावरची लाल रेघ

"पुढेही असलंच चाक लावलं तर?" प्रशिकनं विचारलं.

"तर उमरेड रोडवर तुझा पतंग होईल," केयूर म्हणाला. "भरीव चाक फक्त मागे. पुढच्याला स्पोकच हवेत, म्हणजे बाजूचा वारा आरपार जातो."

दिवाळीची सुट्टी लागली होती. अंगणात तिघं त्या काळ्याभोर चाकाभोवती बसले होते. दहावीतला केयूर, त्याची सहावीतली बहीण गार्गी आणि शेजारचा प्रशिक. रविवारी सायकल क्लबची शर्यत होती. असं तव्यासारखं सपाट, वारा कापत जाणारं चाक केयूर किती दिवस शोधत होता! नव्याचं नाव काढताच बाबा नुसते हसले होते. जुन्यांपैकी एक त्याच्या सायकलच्या ब्रेकला बसेना, दुसऱ्याचे फोटोच धड नव्हते. शेवटी क्लबच्या सुमंत सरांनीच हे दिलं. "शोसाठी ठेवलं होतं रे, नव्यासारखं आहे," ते म्हणाले होते.

नवीन वस्तू घरात आली की आई तिची पूजा करतेच. तिनं ओल्या कुंकवानं चाकावर स्वस्तिक काढलं. कुंकू ओघळून कडेपर्यंत गेलं.

"आई, कार्बनचं आहे गं ते."

"असू दे. चाकच आहे ना?" म्हणत आई आत गेली.

गार्गीनं ओल्या फडक्यानं कुंकू पुसून काढलं. सगळं निघालं, फक्त कडेजवळ केसासारखी बारीक लाल रेघ राहिली. तिनं पुन्हा पुसलं, नखानं खरवडलं. रेघ हलेना.

"दादा, हे कुंकू वर नाहीये. आत गेलंय."

"ओरखडा असेल. तुला ना, सगळीकडे भुतंच दिसतात."

गार्गीनं खिशातलं नाणं काढून चाकावर वाजवलं. टक. टक. टक. आणि रेघेपाशी आल्यावर, ठप. जणू तिथं कुणी आतून पुठ्ठा भरला होता.

प्रशिकनं कान लावला. "हे काहून असं वाजून राहिलं?" मग त्याचा चेहरा बदलला. "केयूर, पियूषदादा पडला तेव्हा त्याच्या सायकललेही असंच चाक होतं ना?"

पियूष त्यांच्या क्लबातला. पावसाळ्यात सरावाच्या वेळी तो असा पडला की अजून धंतोलीच्या दवाखान्यात होता. पायाचं दुसरं ऑपरेशन झालं होतं. 'लक्ष नव्हतं त्याचं, खड्ड्यात गेला,' असं सुमंत सरांनी सगळ्यांना सांगितलं होतं.

तिघं त्याच दुपारी धंतोलीला गेले. पियूषचे बाबा, देवरावकाका, खाटेशी स्टुलावर बसले होते.

"पियूषदादा, पडायच्या आधी काय झालं होतं?" गार्गीनं विचारलं.

पियूषनं आधी बाबांकडे पाहिलं. "मागून कटकट येत होती. मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, बहाणे नको करू, पॅडल मार."

"आणि खड्डा?"

"नव्हता."

"खड्डा नव्हता तर पडला काहून?" देवरावकाका तुटकपणे म्हणाले. "रोज नवीन काहीतरी."

पियूषनं भिंतीकडे तोंड फिरवलं. "चाक सरांचंच होतं," तो हळूच म्हणाला. "मी पडल्यावर तेच परत घेऊन गेले."

बाहेर आल्यावर केयूरच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "सरांना विचारू?"

"विचारलं तर आपण लहान, आपल्याला काय कळतं, असं म्हणतील," गार्गी म्हणाली. "विचारायचंच नाही. सरांनाच त्या सायकलवर बसवायचं."

ती परत आत गेली आणि देवरावकाकांना म्हणाली, "काका, रविवारी मैदानावर याल? एकदाच."

रविवारी सकाळी सगळ्यांचे आईवडील जमले होते. क्लबचे अध्यक्ष दत्तोपंत खुर्चीवर बसले होते. केयूरनं ते चाक लावलेली सायकल सरांसमोर उभी केली.

"सर, दादाला याची जरा भीती वाटतेय," गार्गी मोठ्यानं म्हणाली. "तुम्हीच एक चक्कर मारून दाखवा ना."

"अगं, माझी उंची जास्त आहे."

"सीट वर केली आहे, सर."

"माझे पॅडलला अडकणारे बूट..."

"साधे पॅडल लावले सर," प्रशिक म्हणाला. "चप्पल घालूनही चालते."

पालक हसले. सरांनी हॅंडल धरलं, पण पाय काही उचलेना. हसू हळूहळू विरलं.

देवरावकाका पुढे आले. "बसा ना सर. माह्या पोराले तर बसवलं होतं."

सर खाली बघत राहिले. "पियूष पडला तेव्हाचा तडा बुजवला होता मी," ते पुटपुटले. "वरून रंगही दिला. मला वाटलं, टिकेल."

दत्तोपंत उठले. "चाक काढून माझ्याकडे द्या. शर्यत होणार नाही. आणि सुमंत, आजपासून एकही मूल तुझ्या हाताखाली नाही. पियूषच्या बाबतीत काय झालं, तेही लेखी द्यायचं." मग ते मुलांकडे वळले. "आम्ही इतकी मोठी माणसं, एकानंही चाकाला हात लावून पाहिला नाही. तुम्ही पाहिलंत. शाबास!"

टाळ्या वाजल्या. गार्गीनं केयूरचा शर्ट मागून घट्ट धरला होता, आणि आज तोही "सोड" म्हणाला नाही.

देवरावकाकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"मी त्याले रोज बोल लावला, पोरी," ते म्हणाले. "त्यानं काहीच केलं नव्हतं."

"आम्ही सांगू का पियूषदादाला?"

"नाही वं." त्यांनी डोळे पुसले. "हे मलेच सांगावं लागेल."

आणि ते भरभर चालत, कुणाकडेही न बघता, धंतोलीच्या रस्त्याला लागले.