एक ‘म’ जास्त

“अहो, एक ‘म’ जास्त झालाय!”

मी खालून ओरडले. धक्क्यावरच्या बंद कॅफेचं दार उघडं होतं, आणि शिडीवर उभा एक उंच मुलगा पाटीवर ‘व्हेल्कॉम्मेन’ रंगवत होता. बाहेर भुरभुर पाऊस, आणि हा आपला टोपीशिवाय!

“ओस्लोत आम्ही दोन ‘म’ लावूनच स्वागत करतो,” तो म्हणाला.

“मग ओस्लोत करा की! आमच्या फ्योर्डवर नीनोर्स्क लिहितात. एकाच ‘म’चं स्वागत, पण मनापासून!”

तो हसला... आणि मेली माझी छत्रीच उलटी झाली.

हाल्वर त्याचं नाव. काकाचा कॅफे उन्हाळाभर चालवून परत जाणार होता. नॉर्वेजियन एकच, पण लिहायच्या तऱ्हा दोन: त्याची बोकमोल, आमची नीनोर्स्क. दुसरा ‘म’ त्याने निमूटपणे खरवडला; तिथे डाग राहिला. मग फेरीबोटीवरची माझी पाळी संपली, की मी बोटीवरची गरम स्वेले, म्हणजे जाड गोड धिरडी, घेऊन जायचे आणि त्याच्या मेनूच्या फळ्यावरच्या चुका काढायचे.

“तुमची बोकमोल शहरातली,” मी चिडवायचे. “आमची बघ, दऱ्याखोऱ्यांतल्या आज्यांच्या तोंडचे शब्द वेचून बांधलेली!”

“खरंच, योरुन. नवलच आहे!” तो एकदा म्हणाला. “पण मला आईने लिहायला शिकवलं ते बोकमोलमध्येच. आईची ती भाषा इथे परकी का गं?”

त्या दिवशी मी फळ्यावरची एकही चूक काढली नाही.

ऑगस्ट संपला. “उद्या तुझ्याच बोटीने जातोय,” तो म्हणाला. “कुणी थांब म्हटलं असतं, तर —”

आणि मी काय म्हणावं? “बरं!” मूर्ख कुठली!

सकाळी त्याच्या आधी पोचले. शिडी लावली आणि डागावर दुसरा ‘म’ रंगवला. अख्खा धक्का बघत होता.

बॅग घेऊन आलेला हाल्वर थबकला. “बाई... एक ‘म’ जास्त झालाय.”

“असू दे. तो तुझा आहे.” मी शिडीवरूनच म्हटलं. “थांब ना रे. मला तू हवा आहेस.”

त्याने रंगात बोट बुडवलं आणि चौकटीवर लिहिलं: ‘एग ब्लीर’. मी राहतोय. जन्मभर ‘मी’ला ‘याय’ लिहिणारा माणूस, आज आमचं ‘एग’ लिहून बसला!

“शुद्धलेखन बरोबर आहे ना?”

“दिसतंय कुठे मला, डोळे भरलेत!”

तेवढ्यात भोंगा वाजला. “योरुन, येतेस की नाही?” कप्तान ओरडला. अगं बाई, पाळी माझीच होती!

बोट सुटली, ती मलाच घेऊन. तो धक्क्यावर हात हलवत उभा होता, दोन ‘म’च्या पाटीखाली.