मागच्या गाईडची शिट्टी

येडशीच्या रानात माणसं फिरवायची, तर वनखात्याचा नियम साधा. पर्यटक सहाच्या वर गेले की परवान्याचे गाईड दोन, एक पुढं, एक मागं. आत जाताना नाक्यावर दोघांची नोंद, बाहेर पडताना दोघांच्या सह्या.

त्या रविवारी सहल कंपनीनं तौफिकच्या गळ्यात सात जण मारले. ऐन वेळी दुसरा गाईड आणायचा कुठून? त्याचा जोडीदार बंडप्पा गेल्या पावसाळ्यात दरीत पडून वारला होता. पण त्याचं ओळखपत्र तौफिकच्या पाकिटातच होतं, आणि मुदत मार्चपर्यंत होती. नाक्यावरचे वनरक्षक रेवणप्पा नुकतेच बदलून आलेले, त्यांना काय ठाऊक!

"बंडप्पा मागनं येतुया, काका," म्हणत तौफिकनं कार्ड पुढं केलं. रेवणप्पांनी नाव लिहून घेतलं. झालं, मेलेला माणूस कामाला लागला!

पहिल्या वळणावर तौफिकनं सवयीनं शिट्टी मारली. पुढच्यानं एकदा मारायची, मागच्यानं दोनदा उत्तर द्यायचं, ही दोघांची जुनी रीत.

मागून दोन शिट्ट्या आल्या.

पाखरू असेल... असं तो मनाशी म्हणाला खरा, पण तोंडचं पाणी पळालं. पुन्हा काही त्यानं शिट्टी मारली नाही. तरी दर वळणावर मागून दोन शिट्ट्या येतच राहिल्या. पाऊस जाऊन चार महिने झाले होते, आणि वाटेवर ओल्या मातीचा वास सुटला होता.

दिवस मावळताना सातही पर्यटक नाक्यावरून गाडीत बसून गेले. रेवणप्पांनी वही ओढली.

"बंडप्पा कुठाय?"

"येतुया... मागं हाय."

"मग जा, घिऊन ये. दोन आत गेले, दोन भाईर आले पायजेत. तवर तुला बी सोडता येत न्हाय."

खरं सांगावं तर परवाना जातो, आणि घरी बायको शबनमचे दिवस भरत आलेले. आपल्याच हातानं पायावर धोंडा मारून घेतला होता गड्यानं! तो मागं फिरला. थोडा वेळ आत काढायचा आणि बंडप्पा रामलिंगाच्या देवळाकडच्या वाटेनं परस्पर बाहेर गेला म्हणून सांगायचं, असं त्यानं ठरवलं. वळणावरच्या दगडावर तो पाऊण तास बसला.

मग शिट्टी आली. एकच. पुढच्या गाईडची. आणि आली ती नाक्याकडून.

तौफिक पळत सुटला. फाटकाला कुलूप, दोन्ही अंगांना दोन पुरुष उंच जाळी.

"काका, उघडा! म्या तौफिक!"

रेवणप्पांनी टॉर्च मारली. तोंड दिसताच ते दोन पावलं मागं सरले.

"तौफिक आन् बंडप्पा मघाशीच गेले... माझ्यासमोर सह्या केल्या दोघांनी. आत कुणी ऱ्हायलं न्हाय." "ज्याची आत जायाची नोंदच न्हाय, त्याला म्या भाईर कसा सोडू?"

खोलीत शिरून त्यांनी आतून कडी घातली.

तौफिकच्या खिशातला फोन वाजला. शबनम.

"हॅलो... हा फोन आमच्या ह्यांचा हाय. रानात पडला म्हणत्यात. तुम्हाला कुठं घावला, भाऊ?"

"शबनम... म्या हाय गं... दार लाव!"

"काय म्हणता? ऐकू येत न्हाय. हे आत्ताच आलेत घरी, सोबत पाव्हणे हायेत. थांबा, त्यांच्याकडं देते..."

तिकडं, घरात, कुणीतरी एकदा शिट्टी मारली.

आणि फाटकाच्या आत उभ्या तौफिकनं, नको नको म्हणत, दोनदा उत्तर दिलं.